लेझरने मणक्याचं ऑपरेशन: २,३३,५०० गेले, तुकडा जिथल्या तिथे

कंबरेतून पायात कळ जातेय आणि कोणी "चिरा नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी" म्हणून लेझर गळ्यात मारत असेल तर आधी हे वाचा. माझं पॅकेज १,९५,००० ला ठरलं, ते पण "आजच बुक केलं तर". डिस्चार्जच्या वेळी लेझर फायबरचे (सुईतून आत घालतात ती बारीक तार) ३८,५०० वेगळे लावले. आजच बुक करा म्हटलं की सरळ उठा.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट होतं की डिस्कचा, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीचा, तुकडा फुटून बाहेर आलाय आणि खाली सरकलाय. मी विचारलंही, तुकडा बाहेर आहे तर सुई डिस्कच्या आत घालून काय होणार? म्हणे लेझरने सगळं वितळतं. सांगणारा डॉक्टर नव्हताच, काउन्सेलर होता! तिथेच निघून यायला हवं होतं, आजही आठवलं की डोकं फिरतं, कारण माझा प्रश्न बरोबर होता. पण ज्याला पाच मिनिटं बसवत नाही, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, तो माणूस तिथे वाद काय घालणार?

नंतर दुसऱ्या सर्जनने फिल्म बघून सांगितलं. ही पद्धत १९८६ पासूनची, सुईतून फायबर घालून डिस्कच्या गाभ्याचा थोडा भाग जाळतात, आतला दाब कमी होतो. डिस्क नुसती फुगलेली आणि बाहेरचं कवच शाबूत असेल तरच उपयोग. तुकडा सुटलेला, नसेची जागा अरुंद झालेली किंवा मणका सरकलेला असेल तर ती सुई काही करू शकत नाही, मानेतही तेच. म्हणजे रिपोर्ट वाचणाऱ्याला हे माहीत होतं, तरी पैसे घेतले. आणि अशी कळ बऱ्याच जणांची ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते, हे कोणी तोंडातून काढलं नाही. पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र थांबू नका, तडक इमर्जन्सी गाठा.

तक्रारीचं तर विचारूच नका. हॉस्पिटल म्हणतं संमतीपत्रावर सही आहे, "आराम पडेलच असं नाही" छापलंय. पोलीस म्हणतात मेडिकल मॅटर आहे, मेडिकल कौन्सिलकडे (डॉक्टरांवरच्या तक्रारी बघणारी संस्था) जा. कौन्सिल म्हणतं दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत आणा, आणि तोंडी सगळे हळहळतात, लिहून द्यायला एक तयार नाही! विमावाल्यांनी क्लेम नाकारला, कारण विचारलं तर पॉलिसी वाचा. अरे मग दाद मागायची कुठे? सगळ्यांना कागद हवेत आणि कागद हॉस्पिटलच्या ताब्यात. एमआरआयची सीडी कॉपी केल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका, माझी अजून त्यांच्याकडेच आहे, आणि वापरलेल्या फायबरचं स्टिकर मागितलं की "रेकॉर्ड रूममध्ये शोधतोय" एवढंच ऐकवतात.