खरजेचं क्रीम (परमेथ्रिन ५%): गुण येतो, पण एक ट्यूब आणून भागत नाही

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येतंच.

थोरला दिवाळीला हॉस्टेलवरून आला तो खाजवतच. बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुरळ, दिवसा ठीक आणि रात्री पांघरुणात शिरला की सुरू. मेडिकलवाल्याने बघून "नायटा आहे" म्हणत एक क्रीम दिलं, लावलं की दोन दिवस मस्त आणि मग दुप्पट खाज, नंतर कळलं त्यात स्टेरॉइड होतं, म्हणजे खाज दबते आणि खरजेचा बारीक किडा कातडीत मजेत. तो परत गेला, आम्ही विसरलो. आणि महिन्याभराने माझ्या कमरेला, बरोब्बर परकराची नाडी बांधते तिथे, सुरू झालं, मग सासूबाई, मग धाकटी. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात म्हणे, मग कसं सुचणार की ही दिवाळीची भेट आहे!

स्किनच्या डॉक्टरांनी भिंगातून बघून एका मिनिटात सांगितलं, खरूज, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री हे क्रीम लावा, खाज असो वा नसो. आमचे हे म्हणाले मला कुठे काय होतंय. झालं, आम्ही तिघींनी लावलं, आठवड्याने परत लावलं, आणि पुढच्याच महिन्यात हे खाजवायला लागले आणि त्यांच्याकडून पुन्हा आम्हाला. सगळा खर्च पाण्यात. (त्यांना आता हा विषय काढलेला आवडत नाही.)

दुसऱ्या वेळी नीट केलं. रात्री अंग कोरडं करून मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेत, लाज न बाळगता सगळीकडे. सासूबाईंना वय बघून डोक्याला आणि कानामागेही लावायला सांगितलं होतं. ८ ते १२ तास ठेवून सकाळी आंघोळ. मध्ये हात धुतले की हाताला परत लावायचं, मी पोळ्या आधीच करून ठेवल्या. सात दिवसांनी दुसरा हात, कारण राहिलेल्या अंड्यांतून नवे किडे निघतात. वास नाही, आग नाही. सासूबाई म्हणाल्या आमच्या वेळी गंधकाचं मलम असायचं, वासानेच अख्ख्या वाड्याला कळायचं कुणाला खरूज झालीय.

आता कापलेला स्टार. ट्यूब ३० ग्रॅमची आणि मोठ्या माणसाला एका वेळी जवळजवळ अख्खी लागते, म्हणजे चार माणसं, दोन वेळा, हिशोब तुम्हीच करा. आतला कागद मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत, सासूबाईंनी काय वाचायचा? घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर स्वतःच्या मनाने काही लावू नका, डॉक्टरांना विचारा. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही असतात पण त्या वजनावर देतात, त्याही विचारूनच.

कपड्यांचं म्हणाल तर मागच्या तीन दिवसांत वापरलेलं सगळं, चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, कडक पाण्यात धुवून उन्हात टाकलं. सासूबाईंची गोधडी मशीनमध्ये मावेना, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून आठवडाभर बाल्कनीत, अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांवर सहसा जगत नाही. शेजारच्या काकू पेस्ट कंट्रोल करा म्हणत होत्या, त्याची काही गरज नाही.

आणि एक, क्रीम लावल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते. मी घाबरून तिसऱ्यांदा लावायला निघाले होते, डॉक्टर ओरडले, मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीत असते त्याची ती खाज. रात्रीपुरती गोळी दिली, हळूहळू गेली.

थोरल्याने आणि त्याच्या दोन रूममेट्सनी तिकडच्या डॉक्टरांना दाखवून एकाच रात्री क्रीम लावलंय, तसा फोटो आलाय. तरी पुढच्या शनिवारी येतोय तेव्हा त्याची बॅग थेट बाल्कनीत जाणार, गोधडीच्या जागी.