बॉबी, लूना की एम-80? चालवण्यासाठी जुनी छोटी गाडी घेताना

गाडी चालवायची आहे की मिरवायची, हे आधी ठरवा. मिरवायची असेल तर मिळेल ती बॉबी घ्या, चकचकीत करा आणि पोर्चमध्ये उभी करा. हा आढावा सकाळी किक मारून किंवा पेडल मारून घराबाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. सातारा-सांगलीकडे असा माणूस फिरून फिरून तीनच गाड्यांपाशी येतो: राजदूतची बॉबी, कायनेटिकची लूना आणि बजाजची एम-80. टीव्हीएस 50 चौथी म्हणता येईल, पण तिची धाकटी बहीण एक्सएल अजून शोरूममध्ये उभी असते, त्यामुळे तिच्यात जुन्याची मजा मला तरी कमी वाटते. पटत नसेल त्यांनी खुशाल घ्यावी.

बॉबी म्हणजे एस्कॉर्ट्सची राजदूत जीटीएस 175. 1973 च्या सिनेमात ऋषी कपूरनं पळवली आणि कंपनीनं ठेवलेलं नाव लोक विसरूनच गेले. अंग छोटं, चाकं छोटी, पण इंजिन थोरल्या राजदूतचंच, 173 सीसीचं टू-स्ट्रोक. लूना 1972 ची. पियाजिओच्या चाओ मोपेडवरून फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं आणलेली, 50 सीसी, गिअर नाही, हातात क्लच नाही. एम-80 ऐंशीच्या दशकातली, 74 सीसी, डाव्या मुठीत तीन गिअर. कागदावर या तिघींना एका रांगेत उभं करणं हाच अन्याय आहे, बॉबीच्या इंजिनात तीन लूना मावतात. पण विचारणारा माणूस एकच असतो, म्हणून तुलना करावी लागते.

तुमच्या वाटेत चढ आहे का?

माझ्या मते निम्मा निकाल इथंच लागतो. सांगलीत राहत असाल, रोजचं जाणं-येणं विश्रामबाग, मार्केट यार्ड, फार तर मिरजेपर्यंत असेल, तर लूनाला नावं ठेवायचं काही कारण नाही. रस्ता सपाट. संध्याकाळी हरिपूरला संगमावर जाऊन यायला तिच्याइतकी मजेची गाडी नाही. पेट्रोल वास घेतल्यासारखं पिते. अजून एक फायदा म्हणजे 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन सोळाव्या वर्षीच मिळतं. घरातल्या पोराला जुन्या गाडीचा नाद लावायचा असेल तर एम-80 आणि बॉबीसाठी त्याला अठराचा व्हावं लागेल.

साताऱ्यात हाच हिशेब उलटा होतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढतानाच लूना नाराज होते. यवतेश्वरच्या घाटात तर पेडल मारायची तयारी ठेवा, आणि मागे कुणी बसलं असेल तर त्याला उतरवायचीही. एम-80 तोच घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडतखडत का होईना, पण चढते. दुधाचे कॅन लादून वाडीवस्तीवरून उतरायचं आणि रिकामे घेऊन परत चढायचं, हेच तिनं आयुष्यभर केलं. बॉबीला चढाची फिकीर नाही. तिची अडचण उतारावर सुरू होते. एवढ्या ताकदीच्या इंजिनापुढे जुने ड्रम ब्रेक आणि आखूड अंग, त्यात कासच्या रस्त्यावरचे पावसाळ्यानंतरचे खड्डे. छोट्या चाकाला खड्डा मोठाच लागतो. रोज त्या रस्त्यानं जाणार असाल तर बॉबी घेऊ नका, एवढं स्पष्ट सांगतो. महिन्यातून एखाद्या रविवारी जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

काय तपासायचं, कशात

बॉबी बघायला गेल्यावर लोक इंजिनाला कान लावतात. मी म्हणेन, पत्रा बघा. राजदूत गावोगाव चालली, त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, पॉईंट (ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच) शोधले की सापडतात, आणि इंजिन बांधणारा एखादा जुना मिस्त्री आपल्याकडे अजून भेटतो. मिळत नाही ते बॉबीचं स्वतःचं अंग: टाकी, सीट, मडगार्ड. इंजिन जाम आहे पण टाकी-सीट अस्सल, अशी बॉबी परवडते. इंजिन फुरफुरतंय आणि टाकी कुठल्या तरी भलत्याच गाडीची, अशी बॉबी म्हणजे न संपणारा शोध. इंजिन तेच असल्यामुळे साध्या राजदूतचं इंजिन बसवलेल्या गाड्याही निघतात. म्हणून इंजिन नंबर आणि चेसी नंबर दोन्ही स्वतः चिंधीनं घासून वाचा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. विक्रेता ‘नंतर बघू’ म्हणाला तर चहा पिऊन निघा. भावाचं म्हणाल तर बॉबीत तुम्ही इंजिनाचे पैसे देत नसता, नावाचे देत असता. घासाघीस तेवढ्यापुरतीच होते.

एम-80 चं उलटं. तिला नाव नाही, म्हणून अजून कुणी डोक्यावर घेतलेली नाही आणि गोठ्यात, परड्यात पडून असते. पण राबून राबून थकलेली असते. कॅरिअरखाली हात घाला. कॅन अडकवायला लोकांनी लोखंडी आकडे वेल्डिंग केलेले असतात आणि त्या वेल्डिंगच्या कडेलाच चेसीला केसासारखी चीर गेलेली असते. वरून चिखल आणि ग्रीसचा थर असतो, म्हणून दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरनं थर खरवडा, ओल्या फडक्यानं पुसा आणि मोबाईलच्या उजेडात तिरकं बघा. चीर असली तरी सौदा मोडायची गरज नाही, पण किंमत मोडा. चांगला वेल्डर आतून पट्टी देऊन ती सांधतो.

लूनात बघायचं थोडंच असतं. पेडल फिरवून इंजिनाचा दाब (कॉम्प्रेशन) लागतो का, ऑटो क्लच जागेवरच गाडी ओढत नाही ना आणि टाकी आतून गंजली नाही ना. एवढं ठीक असेल तर घ्या.

सांगली, मिरज किंवा नदीकाठच्या गावातली गाडी घेताना एक तपासणी जास्तीची करा. ऑगस्ट 2019 च्या पुरात आणि पुन्हा 2021 मध्ये असंख्य गाड्या पाण्यात होत्या. धुऊन, रंगवून त्या उभ्या राहिल्या, पण गाळ सगळीकडून निघत नाही. हेडलाइट उघडून रिफ्लेक्टरच्या मागे बघा, स्पीडोमीटरच्या काचेच्या आतल्या कडेला बघा. तिथं तपकिरी रेघ दिसली तर मॅग्नेटचं (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाचं) कव्हर उघडायला लावा. कॉइलवर वाळलेली माती असेल तर क्रँकच्या (पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगमध्येही ती गेलेली आहे असंच धरा आणि पूर्ण इंजिन उघडायचा खर्च आधीच वजा करा.

तिन्ही गाड्या टू-स्ट्रोक, त्यामुळे दोन गोष्टी सगळीकडे सारख्या. पहिली, जाण्याआधी फोन करून सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. गेल्यावर आधी सायलेन्सरला हात लावा. थंड इंजिन चालू होतं का, हीच खरी परीक्षा. दुसरी, क्रँकची ऑइल सीलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं सील कडक होतं, मॅग्नेटच्या बाजूनं फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि एक दिवस चढावर पिस्टन पकडतो, म्हणजे आतच अडकतो. गिअरच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि मागे धुराचा लोट उठतो. सीलं स्वस्त असतात, इंजिन उघडायची मजुरी महाग. म्हणून इंजिन एकदा उघडलंच तर दोन्ही बदला, ‘अजून चांगली आहेत’ असं मिस्त्री म्हणाला तरी. बोअर (पिस्टन वर-खाली होतो ती पोकळी) झिजला असेल तर ब्लॉक लेथवर द्यावा लागेल. पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जाणारे ओव्हरसाइज पिस्टन असतात, शेवटच्या साइजला पोचलेला ब्लॉक असेल तर आतून लायनर (नवी नळी) घालावा लागतो. साताऱ्याच्या आणि कुपवाडच्या एमआयडीसीत हे काम करणारे लोक आहेत, त्यासाठी पुण्याला जायला नको.

कागद

यात तिघींत फरक नाही, आणि सौदे सगळ्यात जास्त इथंच फसतात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला त्याची फी 2000 रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर झाला असेल तर महिन्याला 300 रुपये जादा. पासिंग संपून वर्षं लोटलेल्या लूनाला हा भुर्दंडच तिच्या किमतीपेक्षा जड व्हायला वेळ लागत नाही. सौदा ठरवण्याआधी नंबर घेऊन आरटीओत आकडा विचारून या: साताऱ्याला एमएच-11, कराडला एमएच-50, सांगलीला एमएच-10. एमएच सुरू होण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरची गाडी असेल तर तिची नोंद ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदीत चढलेली आहे का तेही बघा. नोंद नसेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेटसुद्धा अडते. मूळ मालक वारला असेल तर गाडी नावावर करायच्या साध्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर काम होत नाही, आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते. भावकीत वाद असेल तर त्या गाडीचा नाद सोडा.

1973-75 ची बॉबी सापडली की कुणी तरी हमखास सांगतं, ‘व्हिंटेजमध्ये टाक’. नियम 2021 चा आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्या नंबरवर गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे चालवणाऱ्याच्या काहीच कामाचं नाही. साधं रजिस्ट्रेशन जिवंत असलेली, दिसायला डावी बॉबी मी अशा चकचकीत बॉबीपेक्षा आधी उचलेन.

पीयूसीची मात्र फार धास्ती घेऊ नका. मार्च 2000 पर्यंतच्या दुचाकींना सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बनची 9000 पीपीएम आहे. सायलेन्सरमधला कार्बन जाळून काढला आणि पेट्रोलमध्ये ऑइल बेतानं घातलं तर तिघीही त्यात बसतात.

मग घ्यायची कुठली? साताऱ्यात रोज चालवायला एम-80, दुसरा विचार नको. सांगलीत लूना, पण मागे बायको किंवा दप्तरासकट पोर बसणार असेल तर तिथंही एम-80. बॉबी त्यानं घ्यावी ज्याच्याकडे रोजची गाडी आधीच आहे आणि सुट्या भागांसाठी थांबायची सवय आहे.

घेतल्यावर रंगाच्या मागे लागू नका. पहिले पैसे टायर-ट्यूब, ब्रेक लायनर आणि केबलींवर घाला. मग पॉईंट साफ करून फिलर गेजनं गॅप लावा, कंडेन्सर नवा टाका. पहिले दोन-तीन महिने गाडी ओबडधोबड अंगानंच चालू द्या. त्या काळात इंजिन एकदा तरी खाली उतरतं, आणि नव्या रंगावर पान्याचे ओरखडे बघवत नाहीत.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. कॉकचे (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचे) आणि कार्बोरेटरचे रबर लवकर फुगतात, इथेनॉल पाणी धरून ठेवतं म्हणून टाकी गंजते, आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापतं. मिस्त्रीशी बोलून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा टाका, रबर इथेनॉल सोसणारे घ्या. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते.