16 फुटी जुन्या बोटीला 25, 40 की 60 एचपी?

जुन्या बोटीचं इंजिन लांबी बघून ठरवू नका. बोट भरल्यावर किती जड होते आणि तिचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची फळी, किती दमात आहे, यावर एचपी ठरतो. समजा बोट 16 फुटी, उघडी, फायबरची आहे आणि क्षमतेच्या पट्टीवर, म्हणजे बोट बनवणाऱ्याने लावलेल्या मर्यादांच्या पाटीवर, जास्तीत जास्त 50 एचपी लिहिलंय.

आधी वजन मांडा. रिकामी बोट 300 किलो, 40 एचपीचं फोर-स्ट्रोक 95, पेट्रोल 40 लिटर म्हणजे 30, बॅटरी 20, दोन माणसं 150, जाळी, बर्फ, नांगर मिळून 100. झाले 695 किलो. बोट प्लेनवर यायची, म्हणजे पाण्यावर उचलून धावायची, तर एका एचपीमागे 11 ते 18 किलोच्या आत राहावं. 40 ला 17 किलो पडतात, काठावर पास. 25 चं इंजिन 35 किलोने हलकं असूनही एचपीमागे 26 पडतात. अशी बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर आणि मागची बाजू पाण्यात रुतवून नुसती पाणी ढकलते. एकट्याने, बर्फाशिवाय निघालात तरी 20 च्या खाली येत नाही.

सावकाशच जायचं असेल तर 25 सुद्धा कशाला? जलरेषा, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेली लांबी, 16 फूट असलेली बोट पाणी कापत जाते तेव्हा साधारण 5.4 नॉटवर अडते, आणि तेवढ्याला 10 एचपी पुरतं. म्हणजे या बोटीला 10 तरी घ्या नाहीतर 40 तरी. 25 शोभतं ते दीडशे किलोच्या सपाट तळाच्या अॅल्युमिनियम बोटीला.

पेट्रोलच्या नावाखाली 25 घेणारे इथेच फसतात. फोर-स्ट्रोक 40 पूर्ण थ्रॉटलवर तासाला 14 लिटरच्या आसपास पितं, 25 सुमारे 9. पण 25 ला सतत पूर्ण थ्रॉटलवर राबवावं लागतं. 40 ने बोट एकदा उचलली की हात सैल सोडता येतो.

60 ला कागदावर 12 किलो पडतात आणि मोह इथेच होतो. पट्टीच्या वरचं इंजिन म्हणजे विम्याला अडचण आणि ट्रान्समवर जास्तीचा ताण. शिवाय ते आणखी 20 किलो जड. टू-स्ट्रोकच्या काळात बांधलेल्या बोटी मुळातच हलक्या इंजिनाच्या हिशोबाने बांधलेल्या असतात. घेण्याआधी बोट पाण्यात ठेवून, इंजिनाच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ट्रान्समला लागून रचा आणि मागे एक माणूस उभा करा. पाणी बाहेर जायच्या भोकांतून आत येऊ लागलं, तर उत्तर मिळालं.

जुन्या बोटीत खरा चोर म्हणजे बोट तरंगती राहावी म्हणून तळात भरलेला फोम. तो पाणी पितो आणि वरून काही दिसत नाही. ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर घाला, मग नुसता ट्रेलर. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा 80 किलो जास्त भरले, तर 40 एचपीचा हिशोब 17 वरून 19 वर जातो. तिथे 60 लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं, फोम काढा. मग ट्रान्समही तपासा. इंजिन वर उचलून लॉक करा, इंजिनाच्या सगळ्यात खालच्या पात्यावर (पंख्याच्या नव्हे, त्याखालच्या स्थिर पात्यावर) अंगाचा भार टाका आणि फळी हलते का बघा. हातोडीने ठोकताना बद्द आवाज आला, किंवा खालचा एखादा स्क्रू काढल्यावर ओला तपकिरी भुसा निघाला, तर आतलं लाकूड कुजलंय. मग 40 सुद्धा नको.

शाफ्टची लांबी ट्रान्समच्या उंचीशी जुळवा: 15 इंच शॉर्ट, 20 इंच लाँग, 25 इंच एक्स्ट्रा लाँग. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं भुंकतं. लांब पडला तर पाणी फवारतं आणि वेग मरतो.

'ताकद कमी पडते' म्हणून मोठं इंजिन बघायच्या आधी पंखा बघा. नेहमीचं ओझं घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाची मर्यादा 5000 ते 6000 आरपीएम असेल आणि काटा 4600 वरच थांबत असेल, तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढे इंच पुढे सरकायला हवा ते माप, जास्त आहे. पिच 1 इंच उतरवला की 150 ते 200 आरपीएम वाढतात, म्हणून 13 चा 10 किंवा 11 करून बघा. तसंच दाबून चालवत राहिलात तर कार्बन साचतो, इंजिन तापतं आणि पिस्टन जातात.

40 आणि 50 मध्ये घोटाळलात तर दोघांची सीसी बघा. होंडाचं बीएफ 40 आणि बीएफ 50 दोन्ही 808 सीसीची आहेत, वजनही जवळपास सारखं. पट्टीवर 50 लिहिलंय आणि ट्रान्सम पक्का आहे, तर 50 घ्या. मागे वजन वाढत नाही आणि तिसरा माणूस चढला तरी बोट उचलते.