काळा ठोकळा, आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीच्या शेवटी हा ठोकळा घरात आला, आता ऑक्टोबर संपत आलाय. मधे लातूरचा उन्हाळा झाला, पावसाळा झाला, महालक्ष्म्यांना घरभर पाहुणे येऊन गेले. एवढं त्यानं सोसल्यावर त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. रंग वाळल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेले फोटो सगळ्यांचेच सुंदर येतात, त्यावरून काही कळत नाही.

वस्तू म्हणजे '२००१: अ स्पेस ओडिसी' सिनेमातल्या मोनोलिथचं, म्हणजे अखंड शिळेचं, मॉडेल. वानरमाणसांसमोर एका पहाटे उभा असतो, चंद्रावर जमिनीखाली सापडतो आणि शेवटी म्हाताऱ्याच्या पलंगापाशी येऊन थांबतो, तो काळा आयत. त्याला दिवा नाही, बटण नाही, साधी खाचसुद्धा नाही. मी आधी कागदाची विमानं आणि प्लॅस्टिकची यानं जोडलेली. सोपं काहीतरी करू म्हणून हा निवडला. सोपं म्हणून.

अचूक करायचा, पण अचूक कशाशी? पहिला महिना ह्यातच गेला. कादंबरी आर्थर क्लार्कची, सिनेमा स्टॅनली कुब्रिकचा. दोन्ही १९६८ मधले, कथा दोघांनी मिळून रचलेली, पण शिळा दोघांची एक नाही. क्लार्कच्या पुस्तकात चंद्रावरची शिळा अकरा फुटांच्या आसपास उंच, तळाशी सव्वा बाय पाच फूट. बाजूंचं प्रमाण १:४:९, म्हणजे एक, दोन, तीन ह्यांचे वर्ग. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला हे वाचल्यावर दुसरं काही दिसतच नाही. एकास पाच प्रमाणात उतरवलं की ३ इंच, १२ इंच, २७ इंच. सुतारासाठीच काढल्यासारखे आकडे.

पडद्यावर मात्र हिशेब जुळत नाही. चित्र रुंदी-उंचीत २.२०:१ चं, आमचा टीव्ही १६:९ चा, आणि त्याची सेटिंग पडदा भरून टाकणारी. चार दिवस मी ते ताणलेलं चित्र पट्टीनं मोजत होतो. मग लॅपटॉपवर आलो. कुब्रिक बऱ्याचदा कॅमेरा खाली ठेवून वर बघायला लावतो, तिथं शिळा वरच्या बाजूला निमुळती होते; ती सगळी दृश्यं मापाला बाद. शेवटच्या पांढऱ्या खोलीत ती सरळ समोर येते, तिथं रुंदी-उंची चार-नऊच्या जवळ बसते. जाडी तपासायला चंद्रावरच्या खड्ड्यात जावं लागतं, कारण तिथं बाजू दिसते, पण तिरकी. कोनाचा हिशेब लावूनही ती एकला पुरत नाही. माझं उत्तर दोन-तृतीयांशाच्या आसपास आलं. म्हणजे तीन इंचांच्या जागी दोन.

तरी मी आधी पुस्तकाचं ऐकलं. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या मिस्त्रींकडे कागद घेऊन गेलो.

"दार कुठं ठिवायचं, सर?"

"दार नाही."

"मग कप्पे?"

"कप्पे पण नाहीत. नुसता ठोकळा."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली. "मग करायलाव कशाला?"

मॉडेल आहे म्हटलं. कशाचं, तर ह्याचंच. ह्यावर त्यांनी कडप्पा आणून उभा करायचा सल्ला दिला, आणि खरं सांगतो, तो सल्ला मी गाडीवर बसून घरी येईपर्यंत गंभीरपणे घेतला होता.

मिस्त्री सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलीमीटरला किंचित कमी. अर्धं सूत इकडंतिकडं झालेलं कपाटाला चालतं. वर पट्टी येते, सनमायका येतो, हँडल येतं, नजर तिकडं जाते. ह्याच्यावर नजर जायला काहीच नाही, त्यामुळे ती थेट चुकीवरच जाऊन बसते. गुण्या लावून काटकोन बघितला तरी मन भरत नव्हतं, म्हणून दोन्ही कर्ण मोजले. १२ बाय २७ चा कर्ण साडेएकोणतीस इंचांच्या जरासा वर यायला हवा आणि दोन्ही सारखे हवेत. पाव सुताचा फरक निघाला. मिस्त्री म्हणाले, "एवढा तर भिंतीतबी असतो." त्यांचं बरोबर होतं, पण भिंतीकडं कोण बघतं?

तो पहिला ठोकळा १८ मिमी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) पोकळ पेटी होती, कडांना पंचेचाळीस अंशांचे सांधे. पावसाळ्यात एकदम गुळगुळीत. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली आणि रंगाखालून सांधे उमटले. चारही कडांना केसाएवढी रेघ. शिवाय तीन इंची जाडी डोळ्यांना पटत नव्हती. आकडे बरोबर असून ती शिळा वाटेना, गोदरेजच्या कपाटाचं पिल्लू वाटायची. बायको म्हणाली, मीटरची पेटी.

जानेवारीत दुसरा केला. २५ मिमीच्या दोन एमडीएफ एकमेकांवर चिकटवून भरीव, लांबी (म्हणजे पुट्टी) आणि रंग धरून दोन इंचांना पाव सुताहून कमी पडला. वजन साधारण आठ किलो. कोणी करणार असेल तर हाच मार्ग धरा, पेटीच्या नादी लागू नका. आणि एकदा पुस्तकाचं माप घेतलं तर सगळं पुस्तकाचं, पडद्याचं घेतलं तर सगळं पडद्याचं. दोन्हींची सरासरी काढणारे लोक मला भेटलेत.

रंगाआधी थोडं सिनेमाचं. कुब्रिकला शिळा आधी काळी नकोच होती, पारदर्शक हवी होती. त्यासाठी पर्स्पेक्सचा, म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रेलिकचा, सुमारे दोन टनांचा ठोकळा ओतून घेतला. तो कॅमेऱ्यासमोर उभा केल्यावर नुसती जाड काच दिसायला लागली, म्हणून बाजूला पडला. पुढं आर्थर फ्लाइशमन नावाच्या शिल्पकारानं त्यातून स्फटिकासारखा मुकुट कोरला. राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी, १९७७ मध्ये, लंडनच्या सेंट कॅथरीन डॉक्सवर. पडद्यावर दिसते ती शिळा लाकडाची, काळ्या रंगात ग्रॅफाइट मिसळून थरावर थर दिलेली आणि घासलेली. बोटाचे ठसे उठू नयेत म्हणून तिला हातमोजे घालून हलवत. हे हातमोज्यांचं मी वाचलं होतं आणि कौतुकानं हसून सोडून दिलं होतं.

रंग गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं मारला. एनसी (नायट्रोसेल्युलोज) काळा, त्यात ग्रॅफाइट पावडर. पेन्सिलीतलं शिसं म्हणतात ते हेच. नावाला शिसं, शिशाचा पत्ता नाही. कमी घातलं तर साधा काळा ड्यूको दिसतो, टीव्हीच्या मागच्या बाजूसारखा. जास्त घातलं तर पृष्ठभाग करडा पडतो आणि हात लावला की बोटं काळी. पुठ्ठ्याचे नऊ तुकडे रंगवल्यावर जमलं. वरून क्लिअर (पारदर्शक थर) मारू नका, सगळी मेहनत प्लॅस्टिकखाली जाते.

फेब्रुवारीतसुद्धा आमच्याकडं दुपारी बंदुकीतून सुटलेला रंग वस्तूवर टेकेपर्यंत निम्मा वाळतो आणि वर बारीक रेतीसारखा बसतो. पेंटरनं पहाटेची वेळ धरली, थिनर सावकाश उडणारं घेतलं, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली. दोन थरांमध्ये वॉटर पेपर. आता वॉटर पेपरला पाणी लागतं, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या गावात खेळण्यासाठी बादल्या ओतायला हात धजत नाही. एका बादलीत सगळं घासकाम केलं. शेवटी ते पाणी शाईसारखं झालं होतं, झाडालाही घालता येईना.

सपाटीची तपासणी मात्र ट्यूबलाइटनं करा, फुकट आहे. प्राइमरवर पाणी फिरवून ओल्या पृष्ठभागात ट्यूबचं प्रतिबिंब बघायचं. आरसा जेवढ्या कोनानं कलतो त्याच्या दुप्पट कोनानं परावर्तित किरण फिरतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. माझ्या ठोकळ्यात ट्यूब मधोमध पोट काढून वाकलेली बघितली तेव्हा ते पहिल्यांदा अंगाला लागलं. तिथं खोलगट होतं, दोनदा लांबी भरावी लागली.

आता वापर. म्हणजे बघणं, दुसरा उपयोग नाही. एका मित्रानं आत ब्लूटूथ स्पीकर बसव म्हटलं, त्याच्याशी मी आठवडाभर नीट बोललो नाही.

सिनेमात जमिनीवर असतो म्हणून मीही आधी जमिनीवरच ठेवला, पुस्तकांच्या कपाटाशेजारी. एप्रिलपर्यंत तळाची कड फुगली. कारण विचित्र नाही, रोज फरशी पुसली जाते. एमडीएफला पाणी म्हणजे विषच, आणि तळाला मी रंगाचा एकच थर दिला होता, कारण तो दिसणार नव्हता. तेवढी कड कापून, भरून, परत रंगवली. जवळून बघितलं तर अजून कळतं.

मग तो टेबलामागच्या फळीवर गेला आणि आईनं हरकत घेतली. आई ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट विसरलेली नाही. किल्लारी आमच्याच जिल्ह्यातली. तेव्हापासून घरात माणसाच्या डोक्याच्या वर जड वस्तू सुटी ठेवायची नाही, हा तिचा कायदा आहे. मी गणित केलं: दोन इंच तळ, सत्तावीस इंच उंची, चार अंशांहून थोडा जास्त कलला की आडवा. कायदा बरोबर निघाला. तळाखाली, कडेपासून आत घेतलेली १२ मिमीची काळी अ‍ॅक्रेलिकची चकती बसवली आणि फळीतून बोल्ट. बोल्ट दिसत नाही, चकतीही दिसत नाही, ठोकळा फळीपासून बोटभर तरंगल्यासारखा वाटतो. हे सिनेमात नाही. पण मला आवडलंय, काढणार नाही.

धुळीचं काय सांगू. मार्च ते मे खिडकी उघडी म्हणजे संध्याकाळी मोनोलिथ बदामी. ओलं फडकं चालत नाही, पाण्याचे डाग कड्यांसारखे राहतात. चष्म्याचं फडकंही घासतं. दाढीचा जुना ब्रश, वरून खाली, दर रविवारी. पावसाळ्यात धुळीची कटकट संपली आणि डाव्या बाजूला दोन एमडीएफमधल्या सांध्याची रेघ दिसायला लागली. अगदी फिकट, संध्याकाळच्या तिरप्या उजेडातच. कडाही मी थोड्या गोल केल्यात, नखाच्या टोकाएवढ्या. पडद्यावरच्या सुरीसारख्या आहेत, पण एमडीएफवर तशी कड धरली तर घासताना रंग तिथंच उडतो.

आणि ठसे. मुलं शंका विचारायला घरी येतात, वही उघडायच्या आधी उभी राहतात आणि बोट लावतात. कोणीही विचारत नाही, लावू का म्हणून. पाहुणेही लावतात. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं लावलं. ठसे पुसता येतात, पण ग्रॅफाइटचे पापुद्रे बोटाखाली दाबले जाऊन सपाट होतात आणि तेवढा भाग चमकायला लागतो. आठ महिन्यांत समोरच्या बाजूला, मध्यापासून जरा उजवीकडं, तळहाताएवढा लखलखीत गोल तयार झालाय. सगळ्यांचा हात तिथंच जातो. सिनेमातल्या चंद्रवीराचा हातमोजाही असाच पुढं जातो, पण त्याच्या शिळेवर गोल उठत नाही.

दोन्ही मिळून साडेसहा हजार गेले, त्यातले निम्मे पहिल्या चुकीवर. दुसऱ्याला मी दहापैकी आठ देईन. एक सांध्याच्या रेघेचा कापला, एक तळाच्या कडेचा. चमकत्या गोलाचे कापले नाहीत.

पहिला तीन इंची ठोकळा मिस्त्रींनी मागून नेला. दुकानात आडवा टाकलाय, त्यावर बसून चहा पितात. परवा गेलो तेव्हा उठून मला त्यावर बसवलं. तीन इंच उंची पाटाला एकदम बरोबर पडते म्हणाले, आधी सांगितलं असतं तर आत दोन कप्पे काढून दिले असते.