इस्ट्रोजेनचा पॅच: गोळीऐवजी हाच का घेतला

पाळी गेल्यावर रात्री अंगातून वाफा निघायच्या, गाऊन भिजायचा आणि झोपेचं पार खोबरं झालं होतं. डॉक्टरांनी हार्मोन्सचा विषय काढला तेव्हा मी आधी हृदयाचंच विचारलं. आईला साठीच्या आत हार्ट अटॅक आलेला, माझेही ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) वाढलेले. बीपी, साखर, लिपिड सगळं तपासून झाल्यावर गोळीऐवजी इस्ट्रोजेनचा, म्हणजे पाळी गेल्यावर शरीरात कमी होणाऱ्या हार्मोनचा, पॅच घ्यायचं ठरलं.

पॅच म्हणजे पातळसा पारदर्शक तुकडा. ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर लावायचा, छातीवर कधीही नाही. माझा आठवड्यातून दोनदा बदलायचा असतो, आणि दर वेळी जागा वेगळी. त्वचा कोरडी हवी, क्रीम लावलेली नको, आणि चिकटवल्यावर तळव्याने नीट दाबून धरायला हवं. तेवढा धीर धरला नाही तर दुसऱ्याच दिवशी कडा सुटायला लागतात. आंघोळीने काही होत नाही. सलवारीची नाडी जिथे बसते तिथे मात्र तो हमखास गोळा होतो. काढल्यावर चिकट, मळकट चौकोन उरतो. तो साबणाला दाद देत नाही, तेलाचा बोळा फिरवला की जातो. उन्हाळ्यात खाजही सुटते.

एवढं सगळं मी आनंदाने सोसते. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, ट्रायग्लिसराइड्सही वाढतात. पॅचमधलं औषध कातडीतून थेट रक्तात उतरतं. निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत गोळी घेणाऱ्यांमध्ये पायांत, फुप्फुसांत गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं, पॅच वापरणाऱ्यांमध्ये तसं दिसत नाही. माझ्यासारखीला हा फरक फार मोठा आहे.

बायकांच्या मनातली भीती आली ती 2002 साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची हार्मोन्सवरची चाचणी मध्येच थांबवली गेली तेव्हापासून. ती समजून घ्यायलाच हवी. त्यात 16,608 बायका होत्या, सरासरी वय 63, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटलेला. औषध होतं घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं कृत्रिम औषध), तेही गोळीतून. दर 10,000 बायकांमागे वर्षाला हृदयविकाराचे 7 आणि स्ट्रोकचे 8 रुग्ण जास्त निघाले. हा धोका खरा आहे, पण पन्नाशीत पॅच लावणाऱ्या बाईला तो जसाच्या तसा लागू करणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढे 2016 मध्ये ‘एलिट’ चाचणीचे निष्कर्ष आले. पाळी गेल्यापासून सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतल्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग कमी झाला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांना तो फायदा मिळाला नाही. तेही इस्ट्रोजेन गोळीतूनच दिलेलं होतं, आणि हृदयाच्या धमन्यांच्या स्कॅनमध्ये ठोस फरक दिसला नाही. म्हणून हृदय जपण्यासाठी पॅच मागायला कुणी जाऊ नये. माझ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, “हा तुमच्या झोपेसाठी. कोलेस्टेरॉलची गोळी आणि चालणं बंद करायचं नाही.”

गर्भपिशवी असेल तर नुसता पॅच चालत नाही, तिचं अस्तर वाढतं. ते वाढू नये म्हणून मी रात्री 100 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन घेते. त्याने चांगलीच गुंगी येते, म्हणून अगदी झोपतानाच घ्यावं. ज्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक, गुठळी किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, त्यांनी मैत्रिणीच्या सांगण्यावरून हे अजिबात सुरू करू नये.

काही आठवड्यांतच वाफा कमी झाल्या आणि मी रात्रभर झोपू लागले. पाच पैकी चार तारे. एक कापला तो गोंदासाठी. आता 50 मायक्रोग्रॅमचा डोस कमी करून बघायचा का, हे पुढच्या तपासणीत ठरेल.