मिनी कूलरचं किट: स्पर्धेसाठी घ्यावं का?

शाळेत ‘छोटे संशोधक’ छापाची स्पर्धा जाहीर झाली की मॉडेलच्या सामानासाठी पालक नागपूरच्या बर्डी बाजारात निघतात, आणि तिथून हमखास घरी येतं ते मिनी कूलरचं तयार किट. तिसरी ते पाचवीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलेलं असतं. नागपूरच्या मुलाला कूलर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. बाकीचे गुण जरा तपासून घ्यावे लागतात.

डब्यात साधारण असं निघतं: सनबोर्डचे (हलक्या प्लास्टिक फोमच्या पाटीचे) कापलेले तुकडे, १३० नंबरची खेळण्यातली मोटर, प्लास्टिकचा पंखा, पाण्यात बुडवून चालवायचा छोटा डीसी पंप, हातभर नळी, स्पंजचा तुकडा, स्विच आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कंपनीगणिक एखादी वस्तू इकडची तिकडे, पण ढाचा हाच.

पहिली खोट त्या चौकोनी बॅटरीत. आकडा मोठा दिसतो म्हणून ती ताकदीची वाटते, पण तिचा अंतर्गत रोध जास्त असतो, म्हणजे ती एका वेळी फारसा करंट देऊ शकत नाही. ती स्मोक अलार्म किंवा मल्टिमीटरसारख्या थोड्या करंटवर चालणाऱ्या वस्तूंसाठी आहे. पंखा लावलेली मोटर आणि पंप मिळून अर्धा अँपियरच्या आसपास मागतात. सुरुवातीला पंखा जोरात फिरतो, घरचे टाळ्या वाजवतात आणि काही मिनिटांत सगळं मंदावतं. परीक्षक टेबलाशी येईपर्यंत बॅटरी बसलेली. त्याऐवजी तीन पेन्सिल सेलचा होल्डर घ्या: ४.५ व्होल्ट, मोटर तापत नाही, पंपालाही पुरतं. सेल अल्कलाइन घेतले तर तासभर काळजी नाही. मोटर आणि पंप समांतर जोडायचे, म्हणजे दोघांच्याही तारा थेट होल्डरच्या दोन टोकांना. एकामागे एक जोडले तर दोघंही उपाशी राहतात, आणि ही चूक सर्रास होते, कारण डब्यातली आकृती नखाएवढी असते.

पंपाबाबत दोन गोष्टी. तो पूर्ण बुडालेला हवा, कोरडा चालला तर बिघडतो. आणि तारा उलट जोडल्या तरी तो फिरतो, पण धार बारीक येते. मोटरच्या तारा उलटल्या तर पंखा हवा बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतो. मॉडेल ‘चालतं’, गार हवा मात्र येत नाही आणि कारण कुणाला उमगत नाही. पंख्यापुढे टिश्यूची पट्टी धरली की लगेच कळतं.

सनबोर्डच्या तुकड्यांची टाकी करायला सांगितलेली असते. करू नका, सांध्यांतून गळते. अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा टाकी म्हणून उत्तम. ग्लू गन मोठ्यांनीच चालवावी. सांगाडा थर्माकोलचा करणार असाल तर फेविक्विक त्याला खातं, तिथे फेविकॉलच बरा.

सर्वांत वाईट वस्तू म्हणजे तो स्पंज. ओला स्पंज पाणी धरून बसतो, हवा आरपार जाऊ देत नाही. मग हवा बाजूच्या फटींतून कोरडीच आत शिरते. खऱ्या कूलरमध्ये पंखा हवा बाहेर फेकतो म्हणून आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा ओल्या ताट्यांतूनच (बाजूंना बसवलेल्या पॅडमधूनच) यावी लागते. वाटेत पाण्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून जाते, हवा गार होते. किटमध्ये मागची बाजू अर्धी उघडी ठेवलेली असते, म्हणजे कूलरचं मर्मच गेलं. घरच्या कूलरच्या जुन्या ताटीतलं मूठभर वुडवूल (लाकडाचे गवतासारखे बारीक तंतू) जाळीत भरून मागे बसवा आणि उरलेल्या फटी टेपने बंद करा. एवढ्याने फरक हाताला जाणवतो.

आता मुख्य प्रश्न. हे मॉडेल झालं, शोध कुठे आहे? सूचना वाचून जोडलेल्या किटला शोधाच्या स्पर्धेत गुण मिळू नयेत, आणि जाणता परीक्षक देतही नाही. पण या किटवर चौथीतलं मूल खरं काम करू शकतं. स्पंज, वुडवूल आणि वाळा अशी तीन पॅड घ्या. प्रत्येक वेळी २०० मिली पाणी, दहा मिनिटं, पंख्यासमोर एक थर्मामीटर आणि खोलीत दुसरा. आकडे मुलानेच वहीत लिहायचे. हाच प्रयोग पावसाळ्यात केला तर दोन थर्मामीटरमधला फरक कमी पडतो, आणि त्यालाही कारण आहे: ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं पॅड हवा फार तर २४ अंशांपर्यंत उतरवू शकतं. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर २७ च्या खाली जाताच येत नाही.

किंवा टाकीतलं पाणी संपत आल्याची खूण करा. थर्माकोलच्या गोळीवर उभी काडी, काडीला झेंडा. झेंडा खाली गेला की पाणी भरा. आवाज हवा असेल तर दोन तारा पाण्यात सोडून थेट बझर वाजत नाही, पाण्यातून करंट फार कमी जातो. मध्ये तो करंट वाढवणारा बीसी५४७ ट्रान्झिस्टर लागतो, आणि तो पाचवीच्या मुलाला समजावणं अवघड. तरंगत्या गोळीवर लोहचुंबक आणि टाकीबाहेर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आपोआप जोडला जाणारा), ही रचना मूल स्वतः सांगू शकतं.

इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विद्यार्थी-कल्पनांच्या योजनेचं नामांकन आणि शाळांमधली अटल टिंकरिंग लॅब ही प्रयोगशाळा दोन्ही सहावीपासून, त्यामुळे पाचवीपर्यंत शाळेचीच स्पर्धा हाताशी असते. तेवढ्यासाठी पूर्ण किट घेण्यापेक्षा मोटर, पंखा, पंप, नळी, होल्डर आणि स्विच सुटे घ्या. स्वस्त पडतं, आणि मोटर बिघडली तर दुसरी आणता येते. तयार किट घेतलंच असेल तर बॅटरी आणि स्पंज आधी बाजूला काढा.

स्पर्धेच्या दिवशी पाणी टेबलावर पोचल्यावरच भरा. सेलचा दुसरा संच, जुना टॉवेल आणि नळीत अडकलेला वुडवूलचा काडीकचरा काढायला एक टाचणी सोबत ठेवा. घरी आल्यावर सेल काढून ठेवा आणि पंप पुसून वाळवा.