पावसाळ्याच्या मॅचआधी बूट इथं शिवून घ्या : मंगळवार पेठेतल्या मामांचं दुकान

मी कोल्हापुरात १३ वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, शनिवार-रविवार सकाळी, आणि हा रिव्ह्यू चपला-बूट शिवणाऱ्या एका मामांच्या दुकानाचा आहे. दुकान म्हणजे मंगळवार पेठेत एका जिन्याखालची पाच बाय चारची जागा, बोर्ड नाही, मॅपवर शोधून सापडणार नाही, पण गेल्या रविवारी आमची टीम चिखलात ५० मिनिटं पायावर उभी राहिली ती निम्मी यांच्या हातामुळं, म्हणून लिहितोय.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो म्हणजे विषय कळेल. जुलैतला रविवार, रात्रभर पाऊस, ग्राउंडच्या मधोमध तळं साचलेलं आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच आमच्या तीन पोरांच्या बुटांचे सोल सुटले. पुढून, बोटांजवळून, बेडकानं तोंड उघडावं तसे. आमच्या राइट बॅकचा तर अख्खा सोल चिखलात रुतून राहिला आणि तो नुसतं वरचं अंग पायात घेऊन चार पावलं पुढं गेला, पडला, आणि त्याच बाजूनं आम्हाला गोल बसला. ते बूट त्याच्या वडिलांनी पंधरा दिवसांपूर्वीच ऑनलाइन घेतले होते, ९०० रुपयांना. परत करायला गेले तर वापरलेला माल घेत नाही म्हणून विकणाऱ्यानं हात वर केले. मॅच संपल्यावर पोरगं तो सोल नळाखाली धुवून पिशवीत घालून घरी घेऊन गेलं, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं.

हे असं का होतं ते मला मामांनी समजावून सांगितलं. स्वस्तातल्या बुटांचा सोल नुसत्या सोल्युशनवर चिकटवलेला असतो, शिलाई नसतेच. पोरगं पळताना बूट बोटांच्या सांध्यापाशी दर पावलाला वाकतो, तिथं बारीक फट पडते, कोरड्या मैदानावर ती फट वर्षभर कळत पण नाही, पण पाणी आणि चिखल आत शिरला की सोल्युशन धरतच नाही. शिवाय चिखल खालून ओढतो तो वेगळाच. आपल्याकडं शाहू स्टेडियमचा सीनियर सीझन पाऊस सुरू व्हायच्या आत संपतो त्यामुळं दुकानातनं घेतलेले बूट बहुतेक कोरड्या, टणक ग्राउंडचा विचार करूनच घेतलेले असतात, आणि शाळेच्या पोरांच्या सुब्रतो कप स्पर्धेच्या मॅचेस मात्र नेमक्या भर पावसात येतात. म्हणजे ज्यांच्याकडं दुसरा जोड नाही तीच पोरं चिखलात खेळतात.

तर यंदा जूनमध्येच टीमचे सोळा जोड पोत्यात भरून मामांकडं नेले. प्रत्येक बूट त्यांनी हातात घेऊन दोन्ही हातांनी वाकवला, कडेनं अंगठा फिरवला आणि दोन ढीग केले. एका ढिगाकडं बोट दाखवून म्हणाले, "सर, ह्ये शिवतो. आन् ह्ये चार शिवत न्हाई, पैसं वाया जातील तुमचं." त्या चार जोडांची खालची प्लेट कडक प्लॅस्टिकची होती, तिला आरीनं भोक पाडलं की तडकते आणि मग बूट कायमचाच जातो. तिथं त्यांनी जुनं सोल्युशन पॉलिश पेपरनं घासून काढलं, नवं लावलं, दाबून ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं की ह्याची गॅरंटी मी देत नाही. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं. घेऊन टाकले असते पैसे, मला काय कळणार होतं?

शिलाई मात्र बघण्यासारखी आहे. आधी रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, सोलच्या कडेला बारीक चर पाडतात, म्हणजे दोरा आत बसतो आणि जमिनीला घासून तुटत नाही. मग आरी. आरीच्या टोकाला छोटी खाच असते, बाहेरनं आरी खुपसायची, आत बुटात घातलेल्या दुसऱ्या हातानं त्या खाचेत दोरा अडकवायचा, ओढून बाहेर काढायचा, आणि त्या फासातनं बाहेरचा दोरा घालून दोन्ही टोकं करकचून ताणायची. प्रत्येक टाक्याला हे सगळं. म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. दोरा नायलॉनचा, मेणाच्या गोळ्यातनं दोनदा ओढलेला. आतला हात काही दिसत नाही, नुसता चाचपून काम करतो, आणि मामांचं वय सहज सत्तरच्या पुढं असेल. एका जोडाला पाऊण तास. घेतले १२० रुपये. सोळा जोड नेले म्हणून मी कमी करायला सांगितलं नाही आणि तुम्हीही सांगू नका, त्या कामाला १२० रुपये कमीच आहेत.

आता रविवारची मॅच. नऊची होती, साडेआठला परत पाऊस. मी पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं की मधल्या पाण्यात जमिनीलगत पास द्यायचा नाही, बॉल जागेवर मरतो, तिथनं उचलूनच मारायचा, ड्रिबलिंग करायचं ते कडेनं जिथं गवत आहे तिथं, आणि गोलसमोर आलात की खाली मारा, ओल्या गवतावर बॉल सरकत जोरात जातो आणि गोलीच्या हातातनं निसटतो. आमचा पहिला गोल तसाच झाला, निसटलेला बॉल आमच्या लेफ्ट विंगनं ढकलला. हाफटाइमला पोरं ओळीनं बसली आणि जुन्या चमच्याच्या दांड्यानं स्टडमधला, म्हणजे बुटाखालच्या खुंट्यांमधला, चिखल काढत होती, हे प्रत्येक चिखलाच्या मॅचला करायला लावा, स्टडमधली जागा भरली की स्टड असून नसल्यासारखे. दोन पोरांनी टर्फचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या गवतावरचे, बारीक दाण्यांचे बूट घातले होते, त्यांचे तर पाच मिनिटांत गुळगुळीत झाले, ती पूर्ण मॅच घसरत होती. चिखलाला उंच आणि लांब लांब बसवलेले स्टडच पाहिजेत.

पोरांना मी १९५४ च्या वर्ल्डकप फायनलची गोष्ट सांगतो, बर्नला, पावसात, पश्चिम जर्मनी हंगेरीकडनं ०-२ मागं होती आणि ३-२ नं जिंकली. जर्मनीच्या बुटांना काढता-बसवता येणारे स्क्रूचे स्टड होते, ओल्या मैदानासाठी लांब स्टड बसवले होते. नुसत्या बुटानं कुणी वर्ल्डकप जिंकत नाही, पण ग्राउंड कसं आहे ते बघून पायाची तयारी करणारं माणूस टीमबरोबर होतं, आणि आमच्या टीमसाठी ते काम मामा करतात असं मी पोरांना सांगतो तेव्हा मनापासून सांगतो.

मॅच २-२ सुटली. शिवलेल्या बारा जोडांपैकी एकाचाही टाका सुटला नाही. चिकटवलेल्या चारपैकी एक उघडला, म्हणजे मामा जे म्हणाले होते तेच झालं. गेल्या वर्षीचा तो राइट बॅक यंदा थोरल्या भावाच्या जुन्या, शिवलेल्या बुटांत पूर्ण मॅच खेळला आणि शेवटच्या मिनिटाला चिखलात लोळण घेऊन बॉल अडवला. उठल्यावर आधी बूटच बघितला त्यानं.

कमी काय ते पण सांगतो. शिलाईच्या भोकांतनं पाणी आत येतंच, बूट वॉटरप्रूफ होतो असं समजून जाऊ नका. दोन पोरांना आतला दोरा पहिले काही दिवस बोटाला टोचला, आत जाड सुकतळा घातल्यावर थांबलं. मोडलेला स्टड ते बसवून देत नाहीत. आणि वेळ लागतो, मामा एकटेच आहेत, आमच्या सोळा जोडांना आठ दिवस लागले, मध्ये मी दोन हेलपाटे घातले कारण त्यांच्याकडं फोन नाही. शनिवारी दुपारी जाऊन रविवारच्या मॅचला द्या म्हणालात तर मिळणार नाही, निदान बुधवारपर्यंत टाका. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा फक्त हेलपाट्यांचा कापला.

नेताना बूट धुवून आत पेपरचे बोळे कोंबून सावलीत वाळवलेले असू देत, गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेले नकोत, सोल वाकडा होतो आणि मग टाका नीट बसत नाही. ओल्या बुटाला मामा हात लावत नाहीत, तसाच परत पाठवतात.